श्रीमंताला तोंडावर श्रीमंत म्हणावं का?

पत्राचा सारांश : एका सामाजिक संस्थेत पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या वाचक भगिनी लिहितात, "माझं शिक्षण मराठीतून झालं. इंग्रजी लिहिता येतं, पण शब्द तोलूनमापून वापरायला जमत नाही. परदेशातल्या एका मोठ्या देणगीदाराला आभाराचं पत्र लिहिताना मी लिहिलं, 'यू आर अ रिच मॅन, येट सो हंबल.' पत्र गेल्यावर वरिष्ठांनी प्रत पाहिली आणि ते भडकले. 'रिच' हा गावंढळ शब्द आहे, 'ॲफ्लुअंट' लिहायला हवं होतं, असं ते म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीच्या मते 'वेल्दी' चाललं असतं. त्या गृहस्थांचं उत्तर आलेलं नाही. मी त्यांचा अपमान केला का? माफीचं पत्र पाठवू का? आता तर फर्मान निघालंय, की यापुढे संस्थेच्या मजकुरात 'रिच'च्या जागी सगळीकडे 'ॲफ्लुअंट'च लिहायचं. समानार्थी शब्दांचा कोश आणून पाठ करायला बसू का? एका साध्या शब्दापायी हातातलं बळच गेल्यासारखं झालंय."

नमस्कार,

सर्वांत आधी त्या न आलेल्या उत्तराबद्दल. आभाराच्या पत्राला सहसा उत्तर येत नसतं. देणगी आली, तुम्ही आभार मानले, विषय संपला. आभाराचे आभार मानायचे ठरवले तर कोणताच पत्रव्यवहार कधी थांबणार नाही. त्या गृहस्थांच्या गप्प राहण्याचा अर्थ 'ते दुखावले' असा लावायला तुमच्याकडे आज काहीही आधार नाही. पत्र पाकिटात घालताना तुम्हाला ते वाक्य छानच वाटलं असणार. भीती शिरली ती वरिष्ठांचा आवाज चढल्यावर.

आता त्या वाक्याकडे पाहू. त्यातला 'रिच' खोडा आणि तिथे 'वेल्दी' लिहा. मग 'ॲफ्लुअंट' लिहा. 'प्रॉस्परस' लिहून पाहा, 'वेल-ऑफ' लिहून पाहा. दर वेळी वाक्य मोठ्याने वाचा. एकाही शब्दाने ते सुधारत नाही, 'ॲफ्लुअंट'ने तर आणखीच अवघडतं. याचं कारण असं, की त्यातला बोचणारा शब्द 'येट' आहे. 'तुम्ही श्रीमंत आहात, तरीही किती नम्र!' या 'तरीही'च्या पोटात एक गृहीत बसलेलं आहे : पैसेवाले बहुधा मग्रूर असतात, तुम्ही त्याला अपवाद दिसता. मराठीत 'एवढं सगळं असूनही पाय जमिनीवर' हे कौतुक आपण इतक्या सहज करतो, की त्यातली गाठ कुणाच्या लक्षात येत नाही. इंग्रजीत ती लगेच दिसते असंही नाही, पण पत्र एकट्याने, शांतपणे वाचलं जातं आणि शांतपणे वाचणाऱ्याला 'तरीही' ऐकू येतो. वरिष्ठांनी, मैत्रिणीने आणि तुम्ही, तिघांनी मिळून चुकीच्या शब्दाला कोपऱ्यात उभं केलंय.

शिवाय तुम्हाला म्हणायचं काय होतं? त्या माणसाकडे किती पैसा आहे हे त्याला कळवायचं नव्हतं. ते त्याला ठाऊक आहे. त्याने मोकळ्या हाताने दिलं, याचं तुम्हाला अप्रूप वाटलं. त्यासाठी इंग्रजीत सरळ, जुना आणि कुणालाही न खुपणारा शब्द आहे, 'जेनरस'. 'रिच' माणसाकडे काय आहे ते सांगतो, 'जेनरस' त्याने काय केलं ते सांगतो. आभाराच्या पत्रात 'जेनरस'चीच गरज असते. तुमच्यासारखी पत्रं लिहिणाऱ्या इतर वाचकांनीही हे जपून ठेवायला हरकत नाही : समोरच्याच्या संपत्तीचा उल्लेख करणारा शब्द निवडताना अडखळायला झालं, तर बहुतेक वेळा तो उल्लेखच तिथे नको असतो.

पण तुमचा खरा प्रश्न याच्या मागे आहे. तुम्हाला वाटतंय, की इंग्रजीत या शब्दांचा एक जिना आहे. खालच्या पायरीवर 'रिच', मधल्या पायरीवर 'वेल्दी', वर 'ॲफ्लुअंट', आणि तुम्ही खालच्या पायरीवर सापडलात. तुमचे वरिष्ठही तसंच समजतात. शब्द जितका लांब आणि जितका कमी ऐकलेला, तितका तो सभ्य, ही समजूत आपल्यापैकी अनेकांच्या मनात घर करून आहे. इंग्रजी ही परीक्षेत शिकलेली भाषा असली, की असं होतं. परीक्षेत अवघड शब्दाला गुण मिळतात.

आता गंमत ऐका. ॲलन रॉस नावाच्या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९५४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. इंग्लंडमधला उच्चभ्रू वर्ग आणि त्याच्यासारखं दिसू पाहणारा मध्यमवर्ग यांच्या बोलण्यात शब्दांचा फरक कसा दिसतो, हा त्याचा विषय. उच्चभ्रूंच्या शब्दांना त्याने 'यू' म्हटलं, 'अपर क्लास'चं इंग्रजी आद्याक्षर, आणि इतरांच्या शब्दांना 'नॉन-यू'. पुढच्याच वर्षी नॅन्सी मिटफर्ड या लेखिकेने एका लेखात ही कल्पना उचलून धरली आणि ती घराघरांत चर्चेचा विषय झाली. त्या जोड्यांमध्ये जेवताना हात-तोंड पुसायच्या कापडाला 'नॅपकिन' म्हणणारे 'यू', 'सर्व्हिएट' म्हणणारे 'नॉन-यू'. कवळीला 'फॉल्स टीथ' म्हणणारे 'यू', 'डेंचर्स' म्हणणारे 'नॉन-यू'. आणि त्याच यादीत 'रिच' हा शब्द 'यू'च्या रकान्यात होता, 'वेल्दी' हा 'नॉन-यू'च्या. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वाड्यांत राहणारे लोक सरळ 'रिच' म्हणायचे. सभ्य दिसण्यासाठी 'वेल्दी' म्हणायची धडपड त्यांच्याखालच्यांची होती. तुमच्या वरिष्ठांचा जिना तिथे उलटा टांगलेला होता.

याचा अर्थ 'वेल्दी' वाईट असा घेऊ नका. ही सत्तर वर्षांपूर्वीची आणि एका देशातल्या एका वर्गाची गोष्ट आहे. आज बातम्यांत, अर्थशास्त्रात, रोजच्या लिहिण्यात 'वेल्दी' अगदी प्रतिष्ठेने वावरतो. उदाहरण एवढ्यासाठीच दिलं, की पैशाच्या शब्दांची उंची शब्दात नसते. कोण बोलतंय, कुणाविषयी बोलतंय आणि ते समोर बसलेत की नाहीत, यावर ती ठरते.

आणि हे तुम्हाला कळत नाही, असं मुळीच नाही. मराठीत तुम्ही हे रोज करता. आपल्या घराविषयी बोलताना तुम्ही 'सुखवस्तू' म्हणाल, 'खाऊनपिऊन सुखी' म्हणाल. शेजारी अचानक पैसा आला तर 'नवश्रीमंत' म्हणाल, तेही त्यांच्या माघारी. अग्रलेखात 'धनदांडगे' लिहिलं की लेखक चिडलाय हे कळतं. 'गडगंज' म्हणताना आवाजात थोडा हेवा येतो, 'गर्भश्रीमंत' म्हणताना थोडा दरारा. 'पैसेवाला' हा शब्द तुम्ही कुठल्याही देणगीदाराच्या पत्रात लिहिला नसता. हे तुम्हाला कोणत्याही पुस्तकाने शिकवलं नाही, माणसांच्या बोलण्यातून ते अंगात उतरलं. इंग्रजीतही काम तेच आहे. फक्त कान तयार व्हायला वेळ लागतो, आणि तुमच्याकडून तो वेळ न देताच निकालाची अपेक्षा केली जातेय.

तर हे शब्द आता जरा जवळून पाहू. सगळ्यांना सारखा वेळ देण्यात अर्थ नाही. 'रिच'ला जास्त देते, कारण बिचारा विनाकारण बदनाम झालाय.

'रिच' हा या घराण्यातला सर्वांत जुना. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'सामर्थ्यवान, सत्ताधारी' असा होता. त्याचं मूळ शोधत मागे गेलं तर राजा या अर्थाच्या प्राचीन केल्टिक शब्दापर्यंत पोचतो, आणि लॅटिनमधला 'रेक्स' आणि आपला 'राजन्' हे त्याच मुळाचे भाऊबंद. ज्याला तुमचे वरिष्ठ गावंढळ म्हणाले त्याचं कूळ असं राजघराण्यातलं आहे. सत्ता असेल तिथे पैसा येतोच, म्हणून अर्थ हळूहळू पैशाकडे सरकला. पण त्याच्या पोटात अजून 'भरपूर, दाट, ओथंबलेलं' हा अर्थ आहे, म्हणून तो माणसांपुरता थांबत नाही. सुपीक माती 'रिच', खोल आवाज 'रिच', गडद रंग 'रिच', तूपलोणी घातलेलं जेवण 'रिच', मोठा इतिहास 'रिच', जीवनसत्त्वांनी भरलेलं फळ 'रिच इन व्हिटॅमिन्स'. इथे 'वेल्दी' किंवा 'ॲफ्लुअंट' घातला तर वाक्य हास्यास्पद होतं. 'वेल्दी सॉइल' असं काही नसतं.

'रिच'चा एक वापर मात्र सावध करणारा आहे. 'दॅट्स रिच!' असं कुणी म्हणालं तर त्यात स्तुती नसते. 'वा, कोण बोलतंय बघा!' असा त्याचा सूर असतो. स्वतः रोज उशिरा येणारा माणूस दुसऱ्याला वेळेचं महत्त्व सांगू लागला, की त्याला ऐकवायचं वाक्य ते हेच. एखाद्या इंग्रजी इमेलमध्ये तुमच्या सूचनेवर हे दोन शब्द आले तर खूश होऊन आभार मानू नका.

व्याकरणातली एक चूक मराठीभाषकांकडून फार होते, म्हणून तीही सांगते. आपण 'एक श्रीमंत' म्हणतो, 'श्रीमंताला काय ठाऊक' म्हणतो. इंग्रजीत 'अ रिच' असं एकट्या माणसाला म्हणता येत नाही. 'अ रिच मॅन', 'अ रिच वुमन' असंच म्हणावं लागतं. 'द रिच' म्हटलं की सगळा श्रीमंत वर्ग, आणि त्याचं क्रियापद अनेकवचनी. या अर्थाने 'रिचेस' लिहू नका, तो वेगळा शब्द आहे. त्याचा अर्थ धनदौलत.

'वेल्दी'ची गोष्ट वेगळी आहे. हा 'वेल्थ'पासून आला आणि 'वेल्थ' आला 'वील' या जुन्या शब्दापासून. 'वील' म्हणजे कल्याण, क्षेम. 'हेल्थ'ला जो शेवट आहे तोच 'वेल्थ'ला आहे, आणि पूर्वी दोघांचे अर्थही जवळजवळ राहत. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये एक वचन आहे, की माणसाने स्वतःचं पाहू नये, दुसऱ्याचं 'वेल्थ' पाहावं. आजच्या अर्थाने वाचलं तर ते चोराला दिलेला सल्ला वाटेल! तिथे अभिप्रेत होतं ते दुसऱ्याचं भलं. 'कॉमनवेल्थ' या शब्दातही मुळात सगळ्यांचं भलंच आहे, सगळ्यांचा पैसा नाही. 'लवकर निजे, लवकर उठे' हे आपण शाळेत घोकलं, त्याच्या इंग्रजी भावंडात 'हेल्दी, वेल्दी अँड वाइज' अशी तिन्ही विशेषणं हातात हात घालून येतात, ती नुसत्या यमकापुरती आलेली नाहीत.

आज मात्र 'वेल्थ' हा हिशेबाचा शब्द झालाय. अर्थशास्त्रात तो साठ्याचा शब्द आहे : जे जे मालकीचं आहे त्यातून कर्ज वजा करून जे उरतं ते. दरमहा येणारा पैसा म्हणजे 'इन्कम', तो ओघ. घसघशीत पगार पण डोक्यावर तेवढंच कर्ज, अशा माणसाला 'हाय-इन्कम' म्हणता येईल, 'वेल्दी' म्हणताना जपून. उलट जमीनजुमला भरपूर पण हातात रोकड नाही, अशा माणसाला इंग्रजीत 'ॲसेट-रिच, कॅश-पुअर' म्हणतात. पाहा, इथे पुन्हा 'रिच'च कामाला आला. एका प्रकारात भरलेला आणि दुसऱ्यात रिकामा, असं दाखवायला 'वेल्दी'ला जमत नाही. भाषांतर करणाऱ्यांनी हा फरक जपावा. 'वेल्थ टॅक्स' आणि 'इन्कम टॅक्स' यांची अदलाबदल झाली तर मजकुराचा अर्थच फिरतो.

'अ वेल्थ ऑफ एक्स्पीरियन्स', 'अ वेल्थ ऑफ इन्फर्मेशन' हे मात्र खुशाल लिहा. ते पैशाशिवायचं 'वेल्थ' आहे आणि कुणालाही मान देणारं आहे. तुमच्या जुन्या विश्वस्तांविषयी लिहिताना तेच शोभेल.

आणि आता तुमच्या कार्यालयातला लाडका 'ॲफ्लुअंट'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'कडे वाहत येणारा'. इंग्रजीत नाम म्हणून तो मुख्य नदीला मिळणाऱ्या उपनदीलाही वापरला जातो. चित्र सुंदर आहे, पैशाचे ओढे येऊन मिळताहेत. पण वापरात हा शब्द आहे समूहांचा. 'ॲफ्लुअंट' वस्ती, 'ॲफ्लुअंट' समाज, 'ॲफ्लुअंट' ग्राहकवर्ग, 'ॲफ्लुअंट' देश. पाहणी अहवाल, बाजारपेठेचा अभ्यास, समाजशास्त्राचा निबंध या जागी तो घरच्यासारखा बसतो. एका जिवंत माणसाला पत्रातून 'यू आर ॲफ्लुअंट' असं लिहिलं, की तो माणूस उरत नाही, तक्त्यातला रकाना होतो. तुम्ही 'रिच' लिहिलंत त्यात निदान एक भाबडी ऊब होती. माझं स्पष्ट मत विचाराल तर वरिष्ठांची दुरुस्ती मूळ वाक्यापेक्षा वाईट आहे.

त्यात आणखी एक धोका. 'ॲफ्लुअंट'चा सख्खा शेजारी आहे 'एफ्लुअंट', त्याचा अर्थ कारखान्यातून बाहेर सोडलेलं सांडपाणी. एक लॅटिन उपसर्ग 'कडे' सांगतो, दुसरा 'बाहेर'. घाईत टंकलेखन करताना आणि आपोआप दुरुस्ती करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कृपेने ही अदलाबदल होऊ शकते. 'अवर एफ्लुअंट डोनर्स' असं वार्षिक अहवालात छापून आलं तर माफीची पत्रं खरोखर लिहावी लागतील.

बाकीचे शब्द भराभर सांगते. 'वेल-ऑफ' आणि 'वेल-टू-डू' हे माघारी, सौम्यपणे म्हणायचे. आपला 'बऱ्यापैकी पैसा बाळगून असलेला' हा सूर. 'वेल-ऑफ'चं तुलनेचं रूप 'बेटर ऑफ' होतं, पण ते पैशाशिवायही येतं : 'यू आर बेटर ऑफ विदाउट इट' म्हणजे 'ते नसलेलंच बरं'. 'कम्फर्टेबल' हा श्रीमंतांनी स्वतःविषयी वापरायचा शब्द. खरोखर भरपूर असलेला माणूस 'वी आर कम्फर्टेबल' म्हणतो आणि विषय बदलतो. आपला 'सुखवस्तू' त्याच्या अगदी जवळ आहे. 'फ्लश' म्हणजे सध्या खिसा गरम आहे, उद्याचं माहीत नाही. 'ऑप्युलंट' म्हणजे डोळे दिपवणाऱ्या थाटाचा, तो माणसापेक्षा दिवाणखान्याला आणि राहणीला जास्त शोभतो. 'लोडेड' मित्रांच्या गप्पांतला. अमेरिकी बोलीत त्याचा अर्थ 'नशेत असलेला' असाही होतो, आणि बंदुकीला लावला तर 'भरलेली'. पत्रात तर नकोच. 'फिल्दी रिच', 'स्टिंकिंग रिच' यांत घाण आणि दुर्गंधी उघड आहे. हसत म्हटले तरी ते शिवी आणि हेवा यांच्या सीमेवर उभे असतात.

देणगी मिळवण्याच्या व्यवसायाची स्वतःची बोलीही आहे, ती तुम्हाला कामाची. मोठी रक्कम देणाऱ्याला 'मेजर डोनर' म्हणतात. कुणाची देण्याची ऐपत किती, याची उपलब्ध माहितीवरून चाचपणी करणं म्हणजे 'वेल्थ स्क्रीनिंग'. वित्तक्षेत्रात 'हाय-नेट-वर्थ इंडिव्हिज्युअल' म्हणतात ते साधारण दहा लाख डॉलर किंवा त्याहून अधिक गुंतवणूकयोग्य मालमत्ता असलेल्या माणसाला. हे सगळे शब्द तुमच्या कपाटातल्या फायलींसाठी आहेत. फाइल आणि पत्र यांची भाषा वेगळी ठेवा. फायलीतल्या नोंदी ज्याच्याविषयी आहेत त्याच्या नजरेला पडल्या तर काय वाटेल, एवढा विचार करून दोन्ही लिहाव्यात, हे माझं जास्तीचं म्हणणं.

कोश विकत घेऊ का, असं विचारलंत. समानार्थी शब्दांचा सर्वांत प्रसिद्ध इंग्रजी कोश पीटर रॉजे या डॉक्टरांनी १८५२ साली काढला. तो काढताना त्यांनी शब्द अर्थांच्या गटांत मांडले, पण त्यांच्या व्याख्या दिल्या नाहीत. शब्द आधीच माहीत आहे, ऐन वेळी आठवत नाही, अशा माणसासाठी तो होता. नवख्याच्या हातात तो पडला तर काय होतं ते आपल्या घरचंच उदाहरण घेऊन सांगते. अमरकोशात श्रीमंत माणसासाठी 'इभ्य', 'आढ्य', 'धनी' असे शब्द एका ओळीत दिलेले आहेत. यादी बरोबर आहे. पण तुम्ही कुणाला 'इभ्य गृहस्थ' म्हणालात तर ते तुमच्याकडे बघतच राहतील. मूळ अर्थ हत्ती बाळगणारा! 'धनी' मराठीत मालक झाला, आणि जुन्या पिढीत नवराही. 'आढ्य' तर 'धनाढ्य'मध्ये सन्मानाने बसलाय, आणि त्याच्याच पोटची 'आढ्यता' म्हणजे चक्क मग्रुरी. तुमच्या 'येट'मध्ये दडलेलं गृहीत मराठीने कधीच एका शब्दात साठवून ठेवलंय. यादी पाठ करणाऱ्याला यातलं काही कळत नाही.

त्याऐवजी शिकणाऱ्यांसाठी केलेला शब्दकोश घ्या. ए. एस. हॉर्नबी यांचा ऑक्सफर्डने १९४८ साली छापलेला कोश या प्रकारातला नावाजलेला, त्याच्या नव्या आवृत्त्या येत राहिल्या आहेत. अशा कोशात शब्दाजवळ तो औपचारिक आहे, बोलीतला आहे की नापसंतीचा, याची खूण असते आणि वापराची पूर्ण वाक्यं असतात. अर्थाआधी ती वाक्यं वाचा. मग एखादी वही करा, पण तीत अर्थ लिहू नका. वाचताना भेटलेलं वाक्य आणि ते कोण कुणाविषयी म्हणालं, एवढंच लिहा. 'कम्फर्टेबल : श्रीमंत बाई स्वतःविषयी, मुलाखतीत', 'ॲफ्लुअंट : वस्तीविषयी, बातमीत'. थोड्याच नोंदींनंतर तुम्हाला माझ्या किंवा कुणाच्याही सल्ल्याची गरज वाटणार नाही. मुलांना इंग्रजी शिकवणारे अनेक वाचक समानार्थी शब्दांचे तक्ते भिंतीवर लावतात. त्यांनाही हेच सुचवेन, तक्त्यात शब्दाशेजारी त्याचा सोबती लिहा, 'रिच सॉइल', 'ॲफ्लुअंट नेबरहुड', 'वेल्दी फॅमिली'.

माफीच्या पत्राचं काय करायचं? तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. माफी मागितलीत तर त्या गृहस्थांना कदाचित लक्षातही न आलेलं वाक्य तुम्ही स्वतः पुन्हा त्यांच्यापुढे नेऊन ठेवाल, आणि त्यांना 'छे छे, तसं काही नाही' असं लिहायच्या अडचणीत टाकाल. गप्प राहिलात तर बिघडणार काहीच नाही, पण तुमच्या मनातली टोचणी तशीच राहील. मला तिसरी वाट बरी वाटते. दोनतीन महिन्यांनी, कामाचं निमित्त धरून, एक छोटं पत्र पाठवा. त्यांच्या पैशातून काय झालं ते सांगा, एकाच कामाविषयी आणि नेमकं. वाक्य काहीसं असं : 'युअर जेनरस गिफ्ट हॅज मेड धिस पॉसिबल.' विशेषण देणगीला लागलंय, माणसाला नाही, हे पाहिलंत ना? आणि 'फॉर्च्युनेट', 'प्रिविलेज्ड' हे शब्दही या पत्रात टाळा. श्रीमंत माणूस स्वतःला 'फॉर्च्युनेट' म्हणतो तेव्हा तो विनय असतो, तुम्ही त्याला म्हटलं तर 'तुमचं काय बाबा, नशीबवान!' असा वास येतो. 'प्रिविलेज्ड' तर हल्ली आरोपासारखाच वापरला जातो.

त्यांची नाराजी दर्शवणारं काही आलंच, तर तेव्हा मात्र आडपडदा न ठेवता दोन ओळींत लिहा, की तुम्हाला त्यांच्या औदार्याविषयी बोलायचं होतं आणि वाक्य नीट उतरलं नाही. शब्दाच्या व्युत्पत्तीत शिरू नका, वरिष्ठांचं नाव घेऊ नका.

राहता राहिलं ते फर्मान. वरिष्ठांना चारचौघांत दुरुस्त करण्यात काही हशील नाही, आणि नॅन्सी मिटफर्डची गोष्ट तर त्यांना आत्ता सांगूच नका. ते लेखणीच्या अब्रूची काळजी करताहेत आणि तो हेतू चांगला आहे. संस्थेचा मागचा वार्षिक अहवाल उघडा, 'रिच' जिथे जिथे आलाय तिथे पेन्सिलीने खूण करा आणि ती वाक्यं एका कागदावर त्यांच्या नियमाप्रमाणे बदलून लिहा. 'रिच बायोडायव्हर्सिटी'चं 'ॲफ्लुअंट बायोडायव्हर्सिटी' होईल, 'अवर रिच एक्स्पीरियन्स'चं 'अवर ॲफ्लुअंट एक्स्पीरियन्स'. कागद त्यांच्या टेबलावर ठेवून म्हणा, "सर, छापायला देण्याआधी एकदा नजर टाकता का?" सोबत स्वतःचा एक पर्यायी नियम लिहून न्या : देणगीदारांच्या पत्रात पैशाचं कोणतंच विशेषण नको, अहवालात वस्तीविषयी 'ॲफ्लुअंट', मालमत्तेविषयी 'वेल्दी', बाकी सगळीकडे 'रिच' होता तसा. त्याखाली सहीची जागा त्यांच्यासाठी मोकळी सोडा.